कार्टून किती ते मोजू नका, कुठल्या प्रतीवरून घेतलंय ते बघा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तुम्ही ‘एका डिस्कमध्ये तीनशे कार्टून’ असं लिहिलेली डीव्हीडी आणलीत, मुलीला टॉम अँड जेरी दाखवायला बसलात आणि आपण लहानपणी पाहिलेलं ते हे नव्हे, असं तुम्हाला वाटलं. रंग विटलेले, आवाज चिरका. आता नीट संग्रह करायचाय, सुरुवात कुठून करू आणि गोव्याच्या पावसात तो टिकेल का, असं विचारलंत. मी फोंड्यात वीस-एक वर्षं हाच उद्योग करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्हाला जे खटकलं ते अगदी खरं आहे. साधा हिशेब करा. एक कार्टून सात मिनिटांचं धरलं, तर तीनशे कार्टून म्हणजे 35 तास. साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतात. त्यात 35 तास कोंबायचे तर चित्राचा लगदाच होणार. याउलट वॉर्नर स्टुडिओच्या बग्ज बनी वगैरे कार्टूनांच्या ‘लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन’चा 2003 सालचा पहिला संच बघा: चार डिस्क, 56 कार्टून. म्हणजे डिस्कमागे चौदा. विकत घेताना मागच्या बाजूचा हा आकडा आधी बघायचा.

चिरक्या आवाजाचं कारण वेगळं असू शकतं. ही कार्टून थिएटरसाठी फिल्मवर केलेली, सेकंदाला 24 फ्रेमची. आपल्याकडची आणि युरोपातली टीव्हीची पद्धत पाल, ती सेकंदाला 25 फ्रेमची. पालची डिस्क काढताना बहुतेक वेळा फिल्म सरळ थोडी जोरात पळवतात. सात मिनिटांचं कार्टून सुमारे 17 सेकंद आधी संपतं आणि आवाज जवळजवळ अर्धा स्वर चढतो. माणसं बोलतात त्या सिनेमात हे चटकन कळत नाही. पण टॉम अँड जेरीत संवाद नसल्यातच जमा, सगळा भार स्कॉट ब्रॅडलीच्या संगीतावर. ज्याने लहानपणी ते शेकडो वेळा ऐकलंय त्याच्या कानाला हा चढलेला स्वर लगेच टोचतो. म्हणून इंग्लंडला किंवा पोर्तुगालला असलेल्या नातेवाइकाला डीव्हीडी आणायला सांगत असाल तर थांबा, ती पालचीच येईल. ब्लू-रे मात्र मूळच्या 24 फ्रेमनेच चालू शकते. शक्य असेल तिथे ब्लू-रेच घ्या.

पण माझं खरं दुखणं रेषांचं आहे आणि त्यावर मी थोडा जास्त बोलणार आहे. जुन्या फिल्मवर धूळ, ओरखडे असतात. डीव्हीडी काढताना ते पुसायला यंत्र लावलं जायचं. यंत्राचा नियम सोपा: एखादी खूण एकाच फ्रेममध्ये दिसली, आधीच्या-नंतरच्या फ्रेममध्ये नसली, तर ती धूळ समजून पुसायची. आता कार्टूनमध्ये टॉम जोरात पळतो तेव्हा त्याचं एकेक चित्र एक किंवा दोन फ्रेमच टिकतं. त्याच्या मिशा, बोटांच्या कडा, पळतानाचे फराटे, सगळं त्या यंत्राला धूळच वाटतं. चित्रकाराने हाताने काढलेली, दुसऱ्याने सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर, शाईने गिरवलेली रेषा अशी निम्मी खाल्ली जाते. स्थिर दृश्यात चित्र झकास दिसतं, म्हणून दुकानात दोन मिनिटं लावून बघण्याचा उपयोग नाही. जोरात हालचाल असेल तिथे थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवा. रेषा मध्येच तुटत असेल तर डिस्क परत करा, वेष्टणावर काहीही लिहिलेलं असो. थोडी धूळ दिसणारी प्रत मी कधीही पसंत करीन.

प्रतीचा प्रश्नही इथेच येतो. 1951च्या आधीच्या बऱ्याच टॉम अँड जेरींची मूळ निगेटिव्ह, नायट्रेट नावाच्या चटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मवरची, आगीत नष्ट झाली आहेत. आज आपण बघतो ते मागे राहिलेल्या दुसऱ्या प्रतींवरून घेतलेलं. वॉर्नरने जुनी कार्टून ‘ब्लू रिबन’ म्हणून पुन्हा थिएटरात लावली, तेव्हा अनेकांच्या सुरुवातीच्या मूळ पाट्या कापून नव्या जोडल्या आणि कलाकारांची नावं त्याबरोबर गेली. म्हणून एखाद्या संचात मूळ पाट्या शोधून परत बसवलेल्या दिसल्या की माझा त्या संचावर विश्वास बसतो. आपल्याकडे तर याहून वाईट झालं. दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली, ती आज कुठल्याच प्रतीत बघायला मिळत नाही.

आता खरेदी. पात्राच्या मागे जाऊ नका, दिग्दर्शकाच्या मागे जा. बग्ज बनी चक जोन्सच्या हातात वेगळा असतो आणि बॉब क्लॅम्पेटच्या हातात वेगळा. टॉम अँड जेरीत तर हे फारच महत्त्वाचं. तुमच्या आठवणीतली बहुधा हॅना-बार्बेरांची, 1940 ते 1958मधली 114 कार्टून, ज्यांना सात ऑस्कर मिळाले. त्यानंतर जीन डाइचने प्रागमध्ये 13 केली, मग चक जोन्सने 34. स्वस्त डिस्कांत हे सगळं मिसळलेलं असतं. तुम्ही ‘टॉम अँड जेरी गोल्डन कलेक्शन’च्या पहिल्या ब्लू-रे संचापासून सुरुवात करा. 1940 ते 1948मधली पहिली 37 कार्टून, ओळीने. एकामागून एक पाहिली की टॉमचा चेहरा आणि चाल वर्षागणिक कशी बदलत गेली ते दिसतं. लूनी ट्यून्ससाठी ‘प्लॅटिनम कलेक्शन’, एका संचात 50. दिग्दर्शक टेक्स एव्हरीचे ‘स्क्रूबॉल क्लासिक्स’ 2020पासून आले, ते तीनही संच घ्या. त्या माणसाचा वेग मुलीला नक्की आवडेल. पॉपाय बघायचाच तर फ्लायशर स्टुडिओचा, 1933 ते 1938मधल्या 60 कार्टूनांचा चार डिस्कचा संच आहे. डिस्नेचे पत्र्याच्या डब्यातले संच सुंदर आहेत, पण आता जुन्या बाजारात त्यांची किंमत भलतीच चढली आहे. ते सावकाश घ्या.

मागवण्याआधी विभाग बघा. डिस्क जगाच्या ज्या भागासाठी काढलेली असते, त्याच भागाच्या प्लेअरवर ती चालते. डीव्हीडीला भारत पाचवा विभाग आणि अमेरिका पहिला. ब्लू-रेला आपण सी आणि अमेरिका ए. डीव्हीडीचे बरेच प्लेअर सगळे विभाग वाजवतात किंवा रिमोटवरून तसे करता येतात. ब्लू-रे प्लेअरचं तसं नाही, म्हणून आधी प्लेअरचं बघा, मग डिस्क मागवा.

या कार्टूनांत काळ्या माणसांची, आशियाई माणसांची कुचेष्टाही आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ‘लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन’च्या तिसऱ्या संचात अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग सुरुवातीलाच त्याबद्दल बोलते. कापलेली प्रत घेऊ नका. मुलीसोबत बसा आणि तसा प्रसंग आला की हे चुकीचं का, ते तिला सांगा.

पाऊस. नव्वदच्या दशकात आमच्या वाड्यावरच्या एका तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला असलेल्या, काकांनी अमेरिकेहून कार्टूनच्या कॅसेट आणल्या होत्या. त्या एनटीएससीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या पद्धतीच्या, आमच्या व्हीसीआरवर चित्र काळंपांढरं होऊन लोळायचं. तरी जपून ठेवल्या, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटात. दोन पावसाळ्यांत फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली. मी तशीच एक लावली आणि व्हीसीआरच्या हेडवरून बुरशी बाकीच्या कॅसेटांना लागली. सगळा संग्रह गेला. ते अजून मनाला लागतं, म्हणून सांगतो: पावसात चिरा पाणी धरतो, भिंतीपासून कपाट वीतभर पुढे ओढा. मिरगाच्या आधी डिस्क झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात उभ्या ठेवा, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून परत वापरा. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक खराब होतं. डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल फिरवत नाही.

2006 ते 2008च्या सुमारास अमेरिकेत छापलेल्या काही डीव्हीडी आतूनच खराब होत आहेत, त्यावर घरी उपाय नाही. माझ्याकडच्या तीन गेल्या. शेवटची कार्टून अडकायला लागतात तिथून सुरुवात होते. जुनी डिस्क घेतलीत तर त्याच आठवड्यात प्रत्येक कार्टून शेवटपर्यंत चालवून बघा, म्हणजे परत करायची मुदत टळणार नाही.

मुलीला पहिलं कुठलं दाखवू, हेही विचारलंत. ‘द कॅट कॉन्चेर्टो’, 1947चं, ऑस्कर मिळालेलं. वर सांगितलेल्या ब्लू-रे संचातल्या 37मध्येच आहे. टॉम पियानोवर लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सोडी वाजवतो आणि जेरी पियानोत झोपलेला असतो. बाजारातल्या तुमच्या डिस्कवर ते असेल तर आधी तिथे टॉमच्या बोटांपाशी थांबवून बघा, मग ब्लू-रेवर तीच जागा काढा. मग आवाज मोठा करून तिच्याबरोबर पहिल्यापासून बघा.