कोल्हापूरहून सिंधुदुर्ग किल्ला एका दिवसात होईल का? सोबत आईवडील आणि पाच वर्षांची मुलगी आहे, बोटीचं कसं असतं?

होईल की, पण करू नका. एका दिवसात म्हणजे पहाटे निघायचं, चार-एक तास घाट उतरत जायचं, भर उन्हात बोट पकडायची आणि रात्री झोपेला आलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर परत घाट चढायचा, आईवडिलांना घेऊन कशाला ती दगदग. त्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारी निघा, मालवणात मुक्काम टाका आणि सकाळी पहिल्या-दुसऱ्या बोटीने किल्ल्यात जा. सगळं प्लॅनिंग बोटीवरून मागं मोजत करायचं, गाडीवरून नाही.

सकाळच का, तर दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा वाढतात. बोट दहा-पंधरा मिनिटांचीच आहे, पण किल्ल्याभोवती खडक आहेत, त्यांच्यामधनं वाट काढत जाते आणि रंकाळ्यातल्या बोटिंगसारखं निवांत काम नाही ते. खरी गंमत उतरताना, बोट वरखाली होत असते आणि त्याच वेळी पाय टाकायचा असतो, तिथं वडिलांचा हात धरायला एकजण आधी उतरलेला पाहिजे. मुलीला लाईफ जॅकेट घालाच, मोठं होतंय म्हणून काढून ठेवू नका, छोटं मागून घ्या. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तारीख आपल्या हातात असेल तर अष्टमीच्या जवळपासची धरा, पाणी त्यामानाने शांत. आणि पावसाळ्यात बोटी बंद, मे संपत आला की चौकशी केल्याशिवाय निघूच नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट.

आता मेन मुद्दा. बोटवाले सोडतात आणि साधारण तासाभरात परत या म्हणतात, आणि त्याच बोटीने यायचं असतं. तटबंदीच जवळजवळ तीन किलोमीटर आहे हो, आत ४८ एकर, तासात काय बघणार? म्हणून तिकीट काढतानाच बोला की आम्हाला दोन तास पाहिजेत, नंतरच्या बोटीने येऊ, चालेल का. गर्दी नसेल तर बहुतेक ऐकतात. शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत मात्र कोण ऐकून घेत नाही.

वेळ कमीच मिळाला तर तट सोडा, शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी बघा, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं! महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, मंदिर राजाराम महाराजांनी बांधलं. दरवाजा तर बोट अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, मुलीला शोधायला सांगा. आणि आपल्याला कोल्हापूरकर म्हणून माहीत पाहिजे अशी गोष्ट, हा किल्ला करवीरच्या गादीकडे होता, १७६५ ला इंग्रजांनी घेतला, परत दिला आणि शेवटी १८१२ च्या तहात मालवणसकट गेला. आपल्याकडं हे कोण सांगत नाही, सगळे पन्हाळ्यावरच थांबतात.

रस्ता म्हणाल तर राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल असा जा. गगनबावड्याकडून करूळ घाट पण आहे, पण तो रुंदीकरणासाठी मध्ये बरेच दिवस बंद होता, तिकडून जायचं तर आधी विचारून घ्या. दाजीपूरच्या जंगलात गवे आडवे येतात, अंधारात तो पट्टा टाळा. आईला गाडी लागत असेल तर गोळी घाट उतरायच्या आधीच द्या, आपल्याकडच्या लोकांना बोटीपेक्षा घाटच जास्त लागतो.

सुट्टे पैसे, टोपी, पाण्याच्या बाटल्या घ्या, आत सावली कमी आहे. चप्पल घसरणारी नको. आणि जेवण बोटीनंतर, आधी भरपेट सुरमई हाणून बोटीत बसू नका.