विचारा काकांना : तांब्या-पितळेचे दागिने

या महिन्याच्या पत्रांवरूनच कळतं की पाऊस पडून गेलाय. जून-जुलै लागला की लातुरात माझ्या दुकानाच्या पायरीवर रोज एकच वाक्य ऐकू येतं, "काका, काळं पडलं." पत्रं बरीच आहेत, त्यातली चार घेतो.

प्रश्न : मी तांब्याचे झुमके आणि कडी घरी करून प्रदर्शनात विकते. चमक टिकावी म्हणून पारदर्शक नेलपॉलिश लावलं. दोन महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटले, खाली काळे ठिपके आले. लॅकर (धातूवर द्यायचा पारदर्शक लेप) कोणतं घेऊ? (एक वाचक, अंबाजोगाई)

ताई, लॅकरचं नाव नंतर. आधी झुमका नळाखाली धरा आणि पाणी कसं ओघळतं ते बघा. पाणी सलग पातळ पदर होऊन उतरलं तर धातू स्वच्छ आहे. थेंब गोळा होऊन जागोजागी थबकले तर तिथं तेलकटपणा आहे. तो बफच्या (पॉलिश करायच्या कापडी चाकाच्या) साबणाचा असेल नाहीतर तुमच्या बोटांचा. अशा जागी कुठलंही महाग लॅकर धरत नाही. बोटाचा ठसा तर आत कैद होतो आणि काही आठवड्यांनी रेषांसकट तपकिरी होऊन वर दिसतो. मी असे ठसे इतके बघितलेत की माल कुणाच्या हातचा आहे ते ओळखू येतं.

म्हणून पॉलिश झालं की कोमट रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशनं घासा, नक्षीच्या खाचांत जास्त. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्यामुळं शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्यानं करा, नाहीतर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. मग लगेच सुती कापडानं टिपा, उन्हात तापवून पूर्ण कोरडं करा आणि त्यानंतर उघड्या हातानं शिवू नका.

आता लेप. झुमका कुठं घासला जात नाही, त्याला अॅक्रिलिक लॅकरचा फवारा चालतो. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्या. भर पावसात हे काम काढू नका. हवेतला ओलावा आत अडकला की लॅकर दुधाळ होतं. तांब्या-पितळेसाठीच 1960 च्या दशकात इन्क्रालॅक नावाचं लॅकर निघालं. ते अॅक्रिलिकचंच, पण त्यात बेन्झोट्रायाझोल असतं, जे तांब्याच्या पृष्ठभागाला धरून गंज रोखतं. उघड्यावरच्या ब्राँझ पुतळ्यांवर ते मारतात. मिळालं तर घ्या, पण त्यावाचून तुमचं अडणार नाही.

कड्यांना मात्र लॅकर लावूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कडं दिवसभर टेबलावर, बांगड्यांवर, भांड्यावर आपटतं. एक चरा पडला की घाम त्यातून आत शिरतो, बाहेर पडायला वाट नसते आणि लेपाखालीच काळं पसरत जातं. तुमच्या नेलपॉलिशचं हेच झालं. कड्याला मेण लावा. एक भाग मधमाश्यांचं मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, चूल बंद करून ते लांब न्या आणि दोन-तीन भाग टर्पेंटाइन मिसळा. थंड झाल्यावर लोण्यासारखं होतं. उन्हात तापलेल्या कड्यावर अगदी पातळ चोळा, थोडं थांबा, जुन्या मलमलीनं घासून काढा. मेण उतरतं, हे खरं. पण गिऱ्हाइकाला घरी परत लावता येतं. लॅकर आधी पूर्ण सोलावं लागतं आणि ते काम शेवटी तुमच्याच गळ्यात येतं.

कुणी खोबरेल सुचवेल, ते वाळतच नाही, नुसती धूळ धरतं. जवसाचं तेल वाळतं आणि चांगला पापुद्रा धरतं, पण तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

प्रश्न : डाख लावल्यावर (धातू वितळवून सांधा जोडल्यावर) पितळी बांगडी लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात टाकली. बाहेर काढली तर तांब्यासारखी लाल! पितळ खोटं होतं का? (एक विद्यार्थी, सेलू)

पितळ खरं आहे, बाळा. चिमटा लोखंडी होता का बघ. त्या पाण्यात आधीच्या कामाचं तांबं विरघळलेलं असतं. लोखंड बुडलं की ते तांबं पितळावर येऊन बसतं. 1000 नंबरच्या पोलिश पेपरनं हलकं घास. लगेच पिवळं दिसलं तर नुसती साय आहे. ती काढायला ताज्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं घाल, मोकळ्या हवेत, चष्मा लावून. पुढं चिमटा लाकडाचा नाहीतर तांब्याचा वापर.

चिंचेत रात्रभर भिजवलेलं पितळही लाल पडतं, पण त्याचं कारण वेगळं. तिथं आम्ल पितळातलं जस्त खाऊन टाकतं आणि तांबं मागं उरतं. चिंच लावायची तर दोन-चार मिनिटं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं.

प्रश्न : तांब्याच्या कड्यानं मनगट हिरवं होतं. विष आहे का? आणि संधिवाताला गुण येतो म्हणतात ते? (एक वाचक, जालना)

घामातलं मीठ आणि आम्ल तांब्याला लागून हिरवे क्षार होतात. साबणानं जातात. आतून मेण लावा. खाज सुटली, पुरळ आलं तर कडं काढा आणि डॉक्टरांना दाखवा. संधिवाताचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 70 रुग्णांवर तपासून 2013 मध्ये निष्कर्ष छापला, उपयोग दिसला नाही. शोभेसाठी जरूर घाला, औषध बंद करू नका.

प्रश्न : बैलांच्या पितळी शेंब्या (शिंगांच्या टोकांवर बसवायची टोपणं) गोठ्यातल्या फळीवर ठेवल्या होत्या. पोळ्याला काढल्या तर दोन उभ्या चिरल्या होत्या. कुणी हात लावला नव्हता. (एक शेतकरी, हिंगोली)

बैलाचा दागिना तोही दागिनाच, त्यामुळं हा प्रश्न इथं बसतो. आणि या महिन्यातलं सगळ्यात नामी पत्र हेच आहे.

शेंबी पत्र्यावर ठोकून घडवतात. ठोकताना पितळात ताण साठतो, वरून दिसत नाही. गोठ्यात मूत्र कुजून अमोनिया सुटतो, पावसाळ्यात ओलावा असतो. या दोन्हींपुढं ताणलेलं पितळ कणांच्या सीमांवरून आपोआप चिरत जातं. इंग्रजांच्या फौजेला हा अनुभव हिंदुस्थानातच आला. तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी पावसाळ्यात तडकायची, म्हणून त्याला ऋतूची चीर असं नाव पडलं. उलगडा 1921 साली झाला.

चिरलेल्या शेंब्या टाकू नका. चीर स्वच्छ करून डाख भरता येतो, जवळच्या कासाराकडं न्या. नवीन करायला दिल्या तर घडवून झाल्यावर 250 ते 300 अंशांवर तासभर तापवून द्यायला सांगा. तेवढ्यानं ताण निघतो आणि पितळ मऊही पडत नाही. पोळा झाला की धुवा, पुसा, मेण लावा आणि घरातल्या पेटीत ठेवा. ती फळी दावणी-कासऱ्यांना राहू द्या.