‘डूम्सडे’च्या आधी काय पाहावे, आणि सुपरहिरोंचा कंटाळा खरोखरच आला आहे का?

या महिन्यात नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांमध्ये सुपरहिरोपटांविषयीची पत्रे बरीच आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. चित्रपटांच्या ज्या तारखा दिल्या आहेत, त्या अंक छपाईला जाईपर्यंत जाहीर झालेल्या आहेत. मोठे स्टुडिओ तारखा पुढेमागे करत असतात, त्यामुळे बेत आखण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी.

प्रश्न : ‘एंडगेम’पर्यंतचे मार्व्हलचे बहुतेक चित्रपट मी पाहिले आहेत. त्यानंतर बारावी, मग प्रवेश परीक्षा, आणि सगळेच मागे पडले. आता ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’ येतो आहे आणि मित्र म्हणतात, मधले सगळे पाहिल्याशिवाय काही कळणार नाही. इतके सगळे पाहायचे कधी?
— विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : सगळे पाहण्याची गरज नाही, आणि तसा आग्रह धरणाऱ्या मित्रांचे आपण फार मनावर घेऊ नये. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून जुलै २०२५ च्या ‘द फँटास्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’पर्यंत मार्व्हल या अमेरिकी कॉमिक आणि चित्रपट कंपनीच्या या मालिकेत ३७ चित्रपट झाले आहेत. वेब मालिका त्याहून वेगळ्या. त्यांतले कितीतरी चित्रपट असे आहेत की ते न पाहिल्याने पुढच्या कथेत काहीही अडत नाही.

‘डूम्सडे’ १८ डिसेंबर २०२६ रोजी प्रदर्शित होणार आहे. ‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एंडगेम’ करणारे रूसो बंधूच तो दिग्दर्शित करत आहेत, त्यामुळे ते दोन चित्रपट पुन्हा पाहून घेतले तर पाया पक्का होईल. त्यानंतर ‘लोकी’ या मालिकेचे दोन्ही हंगाम पाहावेत, कारण अनेक समांतर विश्वांची कल्पना तिथे जितक्या शांतपणे उलगडली आहे, तितकी एकाही चित्रपटात उलगडलेली नाही. मग ‘थंडरबोल्ट्स’ आणि ‘फर्स्ट स्टेप्स’ हे २०२५ चे दोन चित्रपट, तेही शेवटच्या श्रेयनामावलीनंतरच्या दृश्यांसह. एवढे पुरेसे आहे. वेळ उरलाच, तर २००३ चा ‘एक्स-टू’ पाहावा. ‘डूम्सडे’च्या जाहीर झालेल्या कलावंतांत पॅट्रिक स्ट्युअर्ट, इयन मॅकेलन, अ‍ॅलन कमिंग अशी जुन्या ‘एक्स-मेन’ चित्रपटांमधली मंडळी आहेत आणि त्यांची ओळख त्या एका चित्रपटात चांगली होते.

एका गोष्टीचा खुलासा करायला हवा, कारण तो गोंधळ अनेक पत्रांत दिसतो. रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येत आहेत, पण टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, म्हणून नव्हे. ते या वेळी डॉक्टर डूम या खलनायकाच्या भूमिकेत आहेत. आधी या चित्रपटाचा खलनायक कँग असणार होता. ती योजना बदलली आणि जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये डाउनी यांचे नाव जाहीर झाले. ‘डूम्सडे’च्या आधी ३१ जुलै २०२६ रोजी ‘स्पायडर-मॅन : ब्रँड न्यू डे’ येणार आहे. त्यासाठी २०२१ चा ‘नो वे होम’ पाहिलेला असला, तर पीटर पार्करला, म्हणजे स्पायडर-मॅनला, कुणीच का ओळखत नाही, हे विचारत बसावे लागणार नाही.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळात दर रविवारी एकच वाद होतो. काहींचे म्हणणे असे की सुपरहिरोंचा जमाना संपला, लोक विटले. मला स्वतःला तसे वाटत नाही, पण आकडे काय सांगतात?
— कारखान्यातील कर्मचारी, सातपूर

उत्तर : आकडे दोन्ही बाजूंना बळ देतात, म्हणून ते जरा सविस्तर पाहू. २०१९ मध्ये ‘एंडगेम’ने जगभरात सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळवले. चारच वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याच स्टुडिओचा ‘द मार्व्हल्स’ सुमारे २०.६ कोटी डॉलरवर थांबला. येथवर आपल्या मित्रांचे म्हणणे खरे वाटते. पण २०२४ च्या जुलैत आलेल्या ‘डेडपूल अँड वूल्व्हरिन’ने १.३ अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला, आणि २०२५ मध्ये जेम्स गन यांच्या ‘सुपरमॅन’ने सुमारे ६१ कोटी डॉलर गोळा केले. लोक सरसकट विटले असते, तर हे घडले नसते.

माझे मत असे आहे की प्रेक्षकांना अतिमानवी शक्तींचा कंटाळा आलेला नाही; त्यांना आला आहे तो चित्रपटाआधीच्या अभ्यासाचा. ‘द मार्व्हल्स’चेच पाहा. त्यात तीन नायिका आहेत. पहिलीची कथा २०१९ च्या ‘कॅप्टन मार्व्हल’ या चित्रपटात, दुसरीची ‘वांडाव्हिजन’ या मालिकेत आणि तिसरीची ‘मिस मार्व्हल’ या आणखी एका मालिकेत सांगून झालेली होती. म्हणजे जेल रोडवरून मुलाबाळांसह शनिवारी संध्याकाळी चित्रपटाला निघालेल्या कुटुंबाने आधी दोन मालिकांचे पंधरा भाग पाहिलेले असावेत, अशी अपेक्षा होती. पहिल्या पाच मिनिटांत पडद्यावर कोण कोणाला ओळखते हेच कळले नाही, तर प्रेक्षक पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून राहतो. पुढच्या वेळी तो येतच नाही. याउलट गन यांच्या ‘सुपरमॅन’मध्ये नायकाचा ग्रह, बालपण, दत्तक आईवडील हे सगळे सुरुवातीच्या मोजक्या ओळींत आटोपून कथा थेट मध्यावर सुरू होते, आणि आधीचे काहीही न पाहिलेल्यालाही ती समजते.

या मताला छेद देणारे एक उदाहरणही सांगायला हवे. ‘थंडरबोल्ट्स’ चांगला चित्रपट होता. नैराश्य आणि एकटेपणा यांविषयी तो ज्या गांभीर्याने बोलतो, तसे या प्रकारच्या चित्रपटांत क्वचित घडते, आणि समीक्षकांनीही त्याचे कौतुक केले होते. तरी तो ४० कोटी डॉलरपर्यंतही पोहोचला नाही. त्यातली पात्रे वेगवेगळ्या चित्रपटांतून आणि मालिकांतून गोळा केलेली होती आणि जाहिराती पाहून सामान्य प्रेक्षकाला त्यांतले एकही नाव जवळचे वाटले नाही. चार वर्षांत जो विश्वास गेला, तो एका चांगल्या चित्रपटाने परत मिळत नाही. मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेने स्वतःच वर्षाकाठी येणाऱ्या चित्रपटांची संख्या कमी करण्याचा निर्णय घेतला, तो यामुळेच, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

आपल्या मित्रमंडळात आणखी एक नाव पुढे करावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘लोका चॅप्टर १ : चंद्रा’ या मल्याळम चित्रपटाने ३०० कोटी रुपयांहून अधिक कमाई केली, तीही हॉलीवूडच्या मानाने नगण्य खर्चात. केरळच्या लोककथेतली कळ्ळियंकाट्टू नीली ही यक्षी आजच्या बंगळुरूत राहते, ही त्यातली मूळ कल्पना. कल्याणी प्रियदर्शन यांनी ती भूमिका केली आहे. पुढच्या भागांची बीजे त्यातही पेरलेली आहेत, पण आधी एक पूर्ण कथा सांगून मगच. क्रम असा असायला हवा.

प्रश्न : माझे दोन नातू. एक स्पायडर-मॅनचा भक्त, दुसरा बॅटमॅनचा. दोघे मिळून मला विचारतात, ‘आजोबा, हे दोघे एका चित्रपटात का येत नाहीत?’ मी काय सांगू?
— निवृत्त शिक्षक, सिडको

उत्तर : त्यांना सांगा की दोघांचे मालक वेगळे आहेत. बॅटमॅन डीसी या कॉमिक कंपनीचा, म्हणजे वॉर्नर ब्रदर्सकडे. स्पायडर-मॅन मार्व्हलचा, पण त्याच्या चित्रपटांचे हक्क सोनीकडे. असे का झाले, ते मोठ्या नातवाला कळेल. मार्व्हल ही कंपनी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली होती. त्याच्या आगेमागे, अडचणीच्या काळात तिने आपली लोकप्रिय पात्रे वेगवेगळ्या स्टुडिओंना दिली. स्पायडर-मॅन सोनीकडे गेला, एक्स-मेन फॉक्सकडे गेले. पुढे २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरला मार्व्हल घेण्याचा व्यवहार केला आणि २०१९ मध्ये फॉक्सही घेतले, त्यामुळे एक्स-मेन घरी परतले. स्पायडर-मॅन मात्र अजून सोनीकडेच आहे आणि सोनी व मार्व्हल यांच्यातल्या २०१५ च्या करारामुळे तो अ‍ॅव्हेंजर्समध्ये दिसू शकतो.

छापील कॉमिकमध्ये दोन्ही घराण्यांची भेट झालेली आहे. १९७६ मध्ये सुपरमॅन आणि स्पायडर-मॅन एका अंकात आले होते, आणि २०२५ मध्ये डेडपूल व बॅटमॅन यांनाही दोन्ही प्रकाशकांनी एकत्र आणले. पडद्यावर तसे होण्याची चिन्हे नाहीत. बॅटमॅनच्या भक्ताला थोडा धीर धरावा लागेल. मॅट रीव्हज यांचा ‘द बॅटमॅन’चा दुसरा भाग १ ऑक्टोबर २०२७ साठी जाहीर झाला आहे. तोपर्यंत डीसीकडून २६ जून २०२६ रोजी ‘सुपरगर्ल’ येणार आहे.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची आहे. वर्गातल्या मुली सांगतात म्हणून प्रत्येक सुपरहिरोपटाचा हट्ट धरते. कोणता दाखवावा आणि कोणता नाही, हे कसे ठरवायचे?
— गृहिणी, पंचवटी

उत्तर : प्रमाणपत्र पाहावे. पूर्वी ‘यूए’ असा एकच वर्ग असल्याने पालकांना फारसा बोध होत नसे. आता सेन्सॉर बोर्डाने त्याचे तीन भाग केले आहेत : ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. या तिन्हींत अंतिम निर्णय पालकांचा असतो, तर ‘ए’ प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटाला १८ वर्षांखालील मुलांना प्रवेशच नसतो. ‘डेडपूल अँड वूल्व्हरिन’ ‘ए’ होता. पोस्टरवरचा रंगीत पोशाख पाहून तो मुलांचा चित्रपट समजू नये. १३ वर्षांवरील गटातला चित्रपट ९ वर्षांच्या मुलीला न्यायचाच असेल, तर आधी घरातल्या मोठ्याने तो पाहून यावा. घरच्या घरी सुरुवात करायची, तर ‘द इनक्रेडिबल्स’, ‘बिग हिरो सिक्स’ आणि ‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ हे तीन अ‍ॅनिमेशनपट या वयाला उत्तम आहेत. मला विचाराल, तर तिसरा मोठ्यांनीही चुकवू नये.

प्रश्न : मल्याळममध्ये होते, तेलुगूत होते, मग मराठीत सुपरहिरो का नाही? आणि भारतीय सुपरहिरोपट पाहायचे तर सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी?
— वाचक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : हा प्रश्न त्र्यंबकेश्वराहून यावा, याचा विशेष आनंद झाला, कारण दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० मध्ये तिथलाच. नाशिकला येऊन त्यांनी १९१७ मध्ये ‘लंका दहन’ आणि १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ केला. ‘कालिया मर्दन’च्या सुरुवातीला त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर राग, हसू, भीती असे एकेक भाव करून दाखवते आणि मग तीच मुलगी पडद्यावर कृष्ण होते. यमुनेच्या तळाशी नागाशी होणारी झुंज त्या काळी फाळक्यांनी केवळ कॅमेऱ्याच्या करामतीवर उभी केली. अद्भुत शक्तीचा नायक पडद्यावर कसा दाखवायचा, हे काम या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी झालेले आहे.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी जवळचे थोडेसे पैसे घालून, सायकलीवर कॅमेरा बसवून आपला सुपरमॅन केला. यंत्रमागावर काम करणारा एक तरुण त्यात नायक होता. फैझा अहमद खान यांचा त्याविषयीचा माहितीपट आणि रीमा कागती यांचा २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. मराठीत प्रयत्नच झाला नाही असेही नाही. २०१५ मध्ये निखिल महाजन यांनी श्रेयस तळपदे यांना घेऊन ‘बाजी’ केला होता. त्यानंतर ती वाट कोणी नेटाने चालवली नाही, याचे मला वाईट वाटते. पैसा हे एक कारण आहे, पण ते पुरेसे नाही; ‘लोका’कडेही हॉलीवूडचा पैसा नव्हता. आपल्याकडे वेताळ आहे, आसरा आहेत, म्हसोबा आहे, प्रत्येक घाटाला आणि बारवेला जोडलेली गोष्ट आहे. त्या गोष्टींतले पात्र आजच्या अंबड-सातपूरच्या वसाहतीत आणून पाहण्याची हिंमत लेखकांनी करायला हवी. प्रेक्षकांचा मराठीतल्या सुपरहिरोला विरोध नाही, उलट ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ २०२३ मध्ये भारतात १० भाषांत आला, तेव्हा त्यांत मराठीही होती.

सुरुवात आपण बासिल जोसेफ यांच्या २०२१ च्या ‘मिन्नल मुरली’ने करावी. तो नेटफ्लिक्सवर आहे. केरळातल्या एका खेड्यातल्या शिंप्यावर वीज कोसळते आणि त्याला शक्ती मिळते. त्याच रात्री तीच शक्ती गावाने टाकलेल्या आणखी एका माणसालाही मिळते. खलनायकाचे दुःख इतके नीट समजावून देणारा दुसरा भारतीय सुपरहिरोपट माझ्या पाहण्यात नाही. त्यानंतर ‘लोका’ पाहावा, आणि तेलुगूतला २०२४ चा ‘हनुमान’ घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा.