शाकिब अल हसनची आंतरराष्ट्रीय कारकीर्द सुरू कशी झाली?

बांगलादेशातल्या मागुऱ्याचा हा डावखुरा अष्टपैलू ऑगस्ट 2006 मध्ये हरारेला झिम्बाब्वेविरुद्ध पहिला वनडे खेळला: नाबाद 30 आणि एक विकेट. आपल्याला तो कळला तो 2007 च्या वर्ल्डकपात. पोर्ट ऑफ स्पेनला त्यानं 53 काढले नि भारत हरला (ती रात्र कोण विसरेल!). त्याच वर्षी चितगावला भारताविरुद्धच कसोटी पदार्पण. तिथे सुरुवातीला विकेटच मिळेनात. मग ऑक्टोबर 2008 मध्ये न्यूझीलंडचे 36 धावांत 7 गडी! माझ्या मते खरी कलाटणी हीच. जुलै 2009 मध्ये कर्णधार मश्रफी मोर्तझा जखमी झाल्यावर बाविशीतच कर्णधारपद गळ्यात पडलं. ग्रेनडात वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटीत 215 चा पाठलाग करताना पठ्ठ्या नाबाद 96. शतक राहिलं, मालिका जिंकली.