म्हैस, क्यूआर कोड आणि बारावी सायन्स

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. फिजिक्सच्या वहीत समासभर हास्यचित्रं काढत बसतो. ‘मला हेच करायचंय’ म्हणतो. यावर पोट भरतं का? काही चित्रांचे फोटो सोबत पाठवतोय. – एक पालक, कोल्हापूर

नमस्कार. सरळ सांगतो, निव्वळ हास्यचित्रांवर घर चालवणारी माणसं मराठीत फार थोडी. दिवाळी अंक चित्रामागे मानधन देतात, पगार नाही. वर्तमानपत्रात नोकरी मिळालीच तर ती बहुधा राजकीय व्यंगचित्रकाराला, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोंत एकही पुढारी दिसत नाही. त्याचा कल वेगळा आहे.

पण तुमच्याच गावाकडे बघा. वसंत सरवटे १९२७ साली कोल्हापुरात जन्मले. सिव्हिल इंजिनिअर झाले, सिमेंट कंपनीत निवृत्तीपर्यंत नोकरी केली आणि ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ज्या नावाने लिहीत त्या ठणठणपाळाला चेहराही दिला. शि. द. फडणीस कोल्हापुरात शाळा शिकले, मग मुंबईला जे. जे. कलाशाळेत कमर्शियल आर्टला गेले. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांची चित्रं होती. म्हणजे वाटा दोन्ही आहेत. माझा कल दुसऱ्या वाटेकडे. बारावी कुठल्याही शाखेतून झाली तरी सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन उपयोजित कलेच्या (म्हणजे कमर्शियल आर्टच्या) पदवीला जाता येतं. तिथून जाहिरात, पुस्तकांची चित्रं, ॲनिमेशन, डिझाइन अशी पगाराची कामं मिळतात आणि हातही रोज चालू राहतो.

आता मुलासाठी. हास्यचित्रकाराचा बराचसा दिवस चित्र काढण्यात जात नाही, सुचण्याची वाट बघण्यातही जात नाही. तो खोदकामात जातो. समजा, गंगावेशीतला दूधकट्टा घेतलास. म्हैस उभी, समोर धार काढतायत, गिऱ्हाईक पेला घेऊन थांबलंय. इथवर नुसतं दृश्य आहे. म्हशीच्या पोटावर क्यूआर कोड चिकटव. बरं आहे, पण पहिल्या झटक्यात सुचलेलं दुसऱ्यालाही सुचतं. पुढे जा. गिऱ्हाईक स्कॅन करतंय आणि म्हैस मान वळवून त्याच्या मोबाइलमध्ये बघतेय, पैसे गेले का. आता मालकाला काही बोलायला लावायची गरज उरली नाही, चित्राखालची ओळ खोडून टाक. मग मान किती वळवायची, डोळ्यांत संशय कसा आणायचा, यासाठी चार-सहा कच्ची रेखाटनं कर. कट्ट्यावरची बाकीची गर्दी मात्र काढू नकोस. नजर म्हशीवरून हलली की विनोद गेला. (आणि म्हैस खरोखर बघून काढ. गुगलवरची म्हैस कोल्हापूरची वाटत नाही.)

वही कायम खिशात हवी. केएमटीच्या बसमध्ये ऐकलेलं वाक्य, लग्नाच्या पंगतीतली ओढाताण, दवाखान्यातली पाटी, सगळं तारखेसकट टिपायचं. ठरलेल्या वेळी बसून त्यातून कल्पना काढायच्या, सुचो न सुचो. न्यूयॉर्कर साप्ताहिकाला चित्रं देणारे नावाजलेले लोक दर आठवड्याला दहाएक कल्पनांचा गठ्ठा देत आलेत. त्यातलं एखादं घेतलं गेलं तरी आठवडा चांगला. ‘साभार परत’ची सवय आत्ताच लावून घे. मित्रांचे लाइक मोजू नकोस, ते तुझ्यावर हसतायत की चित्रावर हे कळत नाही.

पालकांनी एक बघावं. मूळ चित्र कायमचं देऊन टाकू देऊ नका, परवानगी एका अंकापुरती आणि लेखी. टॅबवर काढत असेल तर फाइल छपाईच्या दर्जाची, ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) ठेवायला सांगा. मोबाइलवर छान दिसणारं चित्र कागदावर धूसर उमटतं.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू होते. तेव्हा वार्षिक परीक्षा संपली की मे महिन्यात बारा चित्रं निवडून तीन संपादकांना पाठवू दे. प्रत्येकाला वेगळी चार. एकच चित्र दोघांकडे गेलं आणि दोघांनी छापलं, तर पुढच्या वर्षी दोन्ही दारं बंद.