जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क म्हाताऱ्या माणसांना घेऊन बघण्यासारखं आहे का?

आहे. तुम्ही विचारलंय, पंच्याहत्तरीच्या आईवडिलांना झेपेल का, आणि तिथं माळाशिवाय आहे तरी काय? या दुसऱ्या प्रश्नावरून आमच्या घरात तीन वर्षं भांडण चाललंय.

आम्ही निपाणीचे. थोरले भाऊजी म्हणाले, "माळच बघायचा तर चिकोडीच्या रस्त्याला उतरा की!" त्यांना सम गावची वाळू, उंट आणि रात्रीचा नाच एवढंच पाहिजे होतं. मी आणि मामंजी हट्टानं पार्कातल्या सुदासरीला गेलो. मामंजी अठ्ठ्याहत्तरचे, पोरवयात शेरडं राखलेली. जीपमधून उतरताच त्यांनी सेवण गवताची काडी मोडून चावली. "जनावराला चांगलं हाय हे."

मग लांब गवतातून एक पांढरट मान वर आली. दुर्बिणीतून डोक्यावरची काळी टोपी दिसली. माळढोक! ड्रायव्हर वाट सोडून गाडी जवळ घालायला निघाला, तर मामंजींनी त्याचा दंड धरला. "चरतंय ते. चरू दे."

हा पक्षी आता देशात दीडशेच्या आसपास उरलाय, त्यातले बहुतेक इथलेच. आपल्या जवळचं, सोलापूरकडचं नान्नज किंवा बळ्ळारीकडचं सिरगुप्पा घ्या, तिथं दिसणं मुश्कील. विजेच्या तारांनी त्याचा घात केलाय: समोरची तार वेळेत दिसत नाही आणि जड अंगाला ऐनवेळी वळता येत नाही. परतताना मामंजी खिडकीतून टॉवर मोजत होते. माळ म्हणजे पडीक जमीन समजणाऱ्यांनी हे बघायलाच पाहिजे, भाऊजींनी तर आधी.

बारमेर रस्त्यावरचं आकल चुकवू नका, शहरापासून १७ किलोमीटर. तिथं १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे पडलेत, वर लोखंडी जाळ्या. पायवाटेनं सावकाश फिरता येतं. मामंजींनी जाळीतून बोट घालून साल चाचपली आणि बराच वेळ बोललेच नाहीत. लोद्रव्याचं जैन मंदिर वेळ असेल तर करा.

वनखात्याची परवानगी जैसलमेरातच काढा. बेळगाव-मिरजेवरून जोधपूरची गाडी आहे, पण एवढा लांब बसून अंग आंबतं. मध्ये मुक्काम करा. आणि हो, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. गुडघे दुखत असतील तर जीपचे धक्के सोसणार नाहीत, त्यांना आकलच दाखवा.

सुदासरीच्या जीपचं भाडं भाऊजींनी सामायिक खर्चात धरलं नव्हतं. ते मी माझ्या पैशातून दिलं, आणि पुन्हा देईन.