सिंहगडाचा प्रकल्प आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सातवीत आहे, तिला सिंहगडावर प्रकल्प करायचा आहे. विद्यार्थ्यांसाठी म्हणून असलेल्या तीन साइट तुम्ही उघडल्या. मजकूर जवळपास सारखाच, पण तारखा आणि तपशील जुळत नाहीत. यातल्या कुठल्या साइटवर विश्वास ठेवायचा, हे पालकाने कसं ओळखावं?

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि अशा प्रकल्पवह्या दर वर्षी तपासते. मुलीने निवडलेला विषय यासाठी फार चांगला आहे, म्हणून त्यावरूनच सांगते.

‘विश्वासाची साइट कोणती’ हा शोध आधी सोडून द्या. एकाच साइटवर एक वाक्य पक्कं असतं आणि पुढचं वाक्य ऐकीव असतं. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: कशावरून? जी साइट याचं उत्तर देते, निदान द्यायचा प्रयत्न करते, ती वापरायची.

सिंहगडाबद्दल बहुतेक ठिकाणी हीच चार वाक्यं सापडतील. गडाचं नाव कोंढाणा होतं. तानाजी मालुसऱ्यांनी यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कडा सर केला. ते लढाईत पडले तेव्हा शिवाजी महाराज म्हणाले, ‘गड आला पण सिंह गेला’. आणि तेव्हापासून गडाला सिंहगड म्हणू लागले.

आता एकेक वाक्य घ्या. लढाई झाली, तानाजी तिथे धारातीर्थी पडले, गड स्वराज्यात आला, हे पक्कं आहे. ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमीची रात्र. पण घोरपड कशावरून? ती येते पोवाड्यातून, शाहीर तुळशीदासाच्या. सभासदाची बखर त्या मानाने घटनेच्या बरीच जवळची. महाराजांच्या पदरी राहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने ती सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. त्यात तीनशे मावळे रात्री वानरासारखे कडा चढून गेले असं आहे, घोरपड नाही. महाराजांच्या तोंडचे शब्दही वेगळे आहेत: एक गड घेतला, पण एक गड गेला. त्यात सिंह नाही. आणि नावाचं म्हणाल, तर सिंहगड हे नाव महाराजांच्या एप्रिल १६६३ च्या पत्रात आलेलं आहे, म्हणजे तानाजींच्या लढाईच्या जवळजवळ सात वर्षं आधी.

हे वर्गात सांगितलं की दर वर्षी चुळबुळ होते. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं होतं, “म्हणजे बाई, तानाजी खोटे का?” त्याचा चेहरा अगदी पडला होता. मी त्याला जवळ बोलावलं, बखरीतला तो उतारा त्यालाच मोठ्याने वाचायला लावला आणि विचारलं, रात्रीच्या काळोखात, थंडीत, माणसं हातापायांनी तो कडा चढून गेली, हे घोरपडीपेक्षा कमी आहे का? तो म्हणाला, “जास्तच आहे.” पोवाड्याला कमी लेखायचं नाहीच. लोकांनी तानाजींना कसं मनात ठेवलं ते पोवाडाच सांगतो. फक्त पोवाड्यातली गोष्ट पोवाड्यातली म्हणून सांगायची.

म्हणून साइट पाहताना घोरपड आहे की नाही, हे बघू नका. ‘पोवाड्यात असं वर्णन आहे’ असं लिहिलंय, की सरळ ‘तानाजींनी घोरपड लावली’ असं ठोकून दिलंय, ते बघा. पहिलं लिहिणाऱ्या माणसाला साधनांमधला, म्हणजे पत्र, बखर, पोवाडा अशा पुराव्यांमधला फरक कळतो. त्याची बाकीची वाक्यंही बहुधा जपून लिहिलेली असतात.

दहा साइटवर एकच गोष्ट दिसली म्हणजे ती दहापट खरी होत नाही. एका वर्षी माझ्याकडे आलेल्या निम्म्या वह्यांमध्ये एक वाक्य शब्दशः तेच होतं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट. मुलांनी एकमेकांचं उतरवलं असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं. मुलं वेगवेगळ्या साइटवर गेली होती, उतरवलं होतं साइटवाल्यांनी एकमेकांचं. हे घरी तपासता येतं. लेखातलं एखादं जरा वेगळं वाटणारं वाक्य उचला, अवतरणचिन्हांत घालून शोधा. तेच वाक्य रांगेने दिसलं, तर ते दहा साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराचे दहा फोटो आहेत.

तारखांचं मात्र सावकाशीने घ्या, कारण तिथे फरक दिसला की चूकच असेल असं नाही. शिवजन्माचंच पाहा. मुलीला एखाद्या साइटवर १९ फेब्रुवारी १६३० दिसेल, दुसरीकडे १ मार्च १६३०, आणि एखाद्या जुन्या मजकुरात १६२७. यातल्या पहिल्या दोन तारखा म्हणजे एकच दिवस आहे. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पंचांगाची तारीख, १ मार्च ही आजच्या ग्रेगोरियन पंचांगाची. त्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. १६२७ हे खरंच वेगळं मत आहे. ते उत्तरकालीन बखरींवरून आलं आणि बराच काळ चाललं. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली, म्हणजे घटनांची सालवार नोंदवही, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. महाराजांच्या हयातीत रचलेल्या कवी परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही हीच तिथी आहे. एकमेकांशी संबंध नसलेली दोन साधनं एकच तिथी सांगतात, म्हणून तिचं वजन वाढलं. राज्य शासनाने २००१ पासून १९ फेब्रुवारी मान्य केली.

यातला वार तुमच्या मुलीला स्वतः पडताळता येईल. ग्रेगोरियन पंचांग दर ४०० वर्षांनी वारासकट तसंच्या तसं फिरून येतं. म्हणजे १ मार्च १६३० ला जो वार होता तोच १ मार्च २०३० ला येणार. फोनमधलं कॅलेंडर उघडून तिला २०३० च्या मार्चपर्यंत जायला सांगा. शुक्रवार येतो. जेध्यांच्या घरात कुणीतरी लिहून ठेवलेला वार आणि आपल्या हातातल्या फोनमधला वार जुळतो, हे पाहताना माझ्या वर्गात दर वेळी एकदम शांतता होते. मला स्वतःला अजूनही तो क्षण आवडतो.

आणखी एक गंमत तारखांचीच. इंग्रजांचं नवं वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची असली, तरी त्या वेळच्या इंग्रजी कागदात ती जानेवारी १६६३ अशी दिसू शकते. चांगली साइट हे खाली एका ओळीत समजावते. वाईट साइट दोन्ही साल दोन वेगळ्या परिच्छेदांत देऊन मोकळी होते, आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

चित्रांच्या बाबतीत फार सावध राहा. एके काळी इब्राहिम खान नावाच्या माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून सर्रास छापलं जाई. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचं खरं समकालीन चित्र पुढे आणलं, तेव्हा ते थांबलं. छापील पुस्तकांच्या काळात ही गत, आता तर संगणकाने पाच सेकंदांत बनवलेली चित्रं ‘दुर्मिळ चित्र’ म्हणून फिरतात. चित्राखाली चित्रकार किंवा शैली, अंदाजे काळ आणि ते आज कुठल्या संग्रहात आहे, हे लिहिलेलं नसेल तर वहीत चिकटवू नका. महाराजांची त्या काळाच्या जवळची चित्रं ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिला एखादं घ्यायचंच असेल तर त्या संग्रहालयांच्या स्वतःच्या पानावरून घ्यावं, तिथे ही सगळी माहिती चित्राशेजारीच असते.

साइट कोण चालवतं हेही बघायचं, पण ‘आमच्याविषयी’ वाचून थांबू नका. तिथे जो तो स्वतःचं चांगलंच लिहिणार. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने एक साइट कित्येक वर्षं चालू होती. विद्यार्थ्यांसाठी म्हणून तिच्यावर प्रश्नमंजुषासुद्धा होती. ती चालवत होती स्टॉर्मफ्रंट, म्हणजे गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व मानणारे लोक. किंग यांची बदनामी करायला त्यांनी शाळकरी मुलांना गाठलं होतं, आणि त्या पानावरच बसून राहिलं तर ते चटकन कळतही नसे.

त्याच देशात स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना साइट तपासायला बसवलं होतं: १० इतिहासकार, १० बातम्यांची सत्यता तपासणारे आणि २५ विद्यार्थी. इतिहासकारांनी पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचलं, आणि त्यांच्यातले बरेच जण नीटनेटक्या मांडणीला, भारदस्त नावाला फसले. सत्यता तपासणाऱ्यांनी पान वाचत न बसता लगेच नवा टॅब उघडून या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं, आणि त्यांनी बरोबर ओळखलं. हे वाचल्यापासून मीही मुलांना हेच सांगते: साइटचं नाव दुसऱ्या टॅबमध्ये टाका, आधी बाहेरून चौकशी करा.

सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर मराठी विश्वकोशातून. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, बहुतेक ठिकाणी संदर्भही असतात. जिल्ह्यांची गॅझेटिअरं, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, ऑनलाइन आहेत, गडाचा भूगोल आणि बांधकाम यांसाठी ती चांगली, मात्र जुन्या आवृत्त्यांमधला इतिहास त्या काळच्या समजुतीचा आहे हे लक्षात ठेवून वाचायची. विकिपीडियाला शाळेत उगाच हाकलतात. तिथला मजकूर उतरवू नये, पण लेखाच्या तळाचे संदर्भ जरूर पाहावेत आणि वरचं ‘चर्चा’ हे पान उघडावं. कुठल्या वाक्यावर लोकांचा वाद आहे ते तिथे कळतं. चॅटबॉटला विचारलंत तर तो पत्राची तारीखसुद्धा आत्मविश्वासाने सांगेल. ते पत्र कुठल्या छापील संग्रहात आहे हे हाती लागेपर्यंत ती तारीख वहीत जाऊ देऊ नका. तुम्ही पुण्याच्या आसपास असाल तर एका शनिवारी मुलीला भारत इतिहास संशोधक मंडळात घेऊन जा. १९१० मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी स्थापन केलेली ही संस्था आहे. जुनं मोडी लिपीतलं पत्र एकदा डोळ्यांनी पाहिलं की ‘साधन’ म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की शाळेत सांगितल्यापेक्षा वेगळं लिहिलं तर गुण जातील का. बाईंचा किंवा सरांचा मान राखून दोन्ही लिहायचं, म्हणजे प्रश्न येत नाही. पान उभं दुभागायचं. डावीकडे माहिती, उजवीकडे ‘कशावरून’. सिंहगडाच्या पानावर मी असं लिहायला सांगेन:

तानाजी मालुसरे गड घेताना धारातीर्थी पडले, ४ फेब्रुवारी १६७०. समोर: सभासद बखर (लढाईचं वर्णन), पाठ्यपुस्तक.

घोरपडीच्या मदतीने कडा चढले. समोर: शाहीर तुळशीदासाचा पोवाडा, सभासद बखरीत उल्लेख नाही.

या लढाईनंतर गडाला सिंहगड नाव मिळालं असं सांगतात. समोर: लोकप्रिय समजूत, एप्रिल १६६३ च्या पत्रात हे नाव आधीच आहे.

उजवीकडची एखादी जागा रिकामी राहिली तर राहू दे. तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढायला सांगा आणि वही तशीच द्या. माझ्याकडे अशी वही आली तर मी आधी ते प्रश्नचिन्ह शोधते.